खाटा वाढल्या, घरे तेवढीच

सिडनीच्या रेडफर्न स्थानकाला लागून चोवीस मजली इमारत उभी आहे. विद्यार्थ्यांच्या ५९६ खाटांची. तिच्याजवळच मूलनिवासी कुटुंबांसाठी परवडणाऱ्या भाड्याची ६२ घरे. दोन्हीखालची जमीन ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीची. नाव कंपनीचे असले तरी ही मूलनिवासींनी १९७३ मध्ये उभारलेली, नफा न वाटणारी गृहसंस्था. ती वाढली, यात शंका नाही. कोणासाठी वाढली, एवढेच विचारायचे आहे.

मूलनिवासी रेडफर्नला आले ते पोटासाठी. इव्हलीच्या रेल्वे कारखान्यात काम मिळे, खोल्या स्वस्त होत्या. पण काळ्या माणसाला घर द्यायला मालक नाखूश. १९७२ च्या अखेरीस रिकाम्या घरांत शिरल्याबद्दल पोलिसांनी काहींना धरले. फादर टेड केनेडींनी त्यांना चर्चच्या सभागृहात घेतले, तर नगरपालिकेने तिथेही हरकत काढली. मग मंडळी लुई स्ट्रीटवरच्या रिकाम्या चाळवजा घरांत गेली, आणि बांधकाम मजुरांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढे पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या अनुदानातून पहिली घरे खरेदी झाली. या धडपडीत पुढे असलेले बॉब बेलिअर १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले पहिले मूलनिवासी न्यायाधीश झाले. मागच्या परसांमधली कुंपणे काढून सगळ्यांचे एकच अंगण करायचे, असा तेव्हाचा बेत होता. आज तो वाचला की त्या माणसांना नुसते छप्पर नको होते, हे कळते.

एकेक घर घेत लुई स्ट्रीटभोवतीचा हा सगळा 'ब्लॉक' हाती यायला वीसेक वर्षे लागली. तोवर आधी घेतलेली घरे मोडकळीला आली होती. गरिबांच्या भाड्यात जुन्या भिंतींची डागडुजी भागत नव्हती. त्यात हेरॉइन आले. शेवटी कंपनीनेच कुटुंबांना दुसरीकडे हलवून घरे पाडायला घेतली. जमीन मोक्याची, शेजारी विद्यापीठ, आणि तिजोरीत खडखडाट. अशा वेळी कोणालाही सुचेल तेच कंपनीला सुचले: बाजारभावाने भाडे देणारी इमारत आधी, परवडणारी घरे तिच्या जिवावर नंतर. पुनर्विकासाच्या फलकाखाली राहणाऱ्या मुंबईकराला हे गणित समजावून सांगायला नको.

मे २०१४ मध्ये जेनी मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकले. त्यांची मागणी सरळ होती. आमची घरे आधी. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मिक मंडाइन हेही मूलनिवासीच, त्यामुळे गोऱ्या वृत्तपत्रांना घरातले भांडण आयतेच मिळाले. तंबू पंधरा महिने राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायालयाने जमीन कंपनीची म्हणून निकाल दिला. पण त्याच सुमाराला केंद्र सरकारने ६२ घरांसाठी ५० लाख डॉलर देऊ केले. खटला हरलेल्या बायकांनी घरांचे पैसे मिळवून दिले, हे कंपनीच्या अहवालात ठळक छापायला हरकत नव्हती.

त्यानंतरचे मात्र खटकते. मूळ मंजुरीत विद्यार्थ्यांच्या खाटा १५४ होत्या. बांधल्या गेल्या ५९६, म्हणजे जवळजवळ चौपट. घरे तेव्हा ६२ होती, आजही ६२ आहेत. टॉवर उंच झाल्याबद्दल आमची तक्रार नाही. सरकारने एकदा चेक फाडून पाठ फिरवली की संस्थेला कुठून तरी कमवावेच लागते, आणि जमीन न विकता कमावणे हे या कंपनीचे कर्तृत्वच म्हटले पाहिजे. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेले बिल्डर काही कमी नव्हते. पण विद्यार्थ्यांची गरज दाखवून मजल्यांवर मजले चढवून घेता येतात, मग त्यातले दोन-चार मजले ब्लॉकमधून हलवलेल्या कुटुंबांना का मिळाले नाहीत? दरम्यान रेडफर्नची भाडी एवढी चढली की त्या कुटुंबांची मुले तिथे स्वतःच्या कमाईवर परतू शकत नाहीत. आता टॉवर झाला, भाडे सुरू झाले. त्या भाड्यातून त्रेसष्टावे घर कधी आणि कुठे बांधणार, याची तारीख कंपनीने जाहीर करावी.