नाचाचा तास

‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक मीरा नायर यांना मुंबईच्या रस्त्यावरचीच मुले हवी होती. ग्रँट रोड स्थानकाजवळ एक खोली भाड्याने घेतली, तर पहिल्याच दिवशी तिथे १३०च्या आसपास पोरे जमली. त्यांतल्या २४ जणांना निवडून संगीत, नाच आणि अभिनय शिकवला गेला. शिकवणारे होते नाट्यदिग्दर्शक बॅरी जॉन. चित्रपट १९८८ साली आला, कान महोत्सवात गौरवला गेला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यातल्या शफीक सय्यदला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हाच शफीक पुढे बंगळुरूत रिक्षा चालवू लागला.

रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. पण ही गोष्ट सांगणारे लोक ‘कलेने काय दिले?’ असा प्रश्न विचारून थांबतात, ते आम्हाला पटत नाही. चित्रपटासाठी भरवलेली शिकवणी चित्रीकरणाबरोबर संपते, हे तो चित्रपट करणाऱ्यांनाच आधी कळले होते. म्हणून तर त्याच्या उत्पन्नातून अशा मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. मुलाला आज नाचायला शिकवले, तर उद्या त्याच वेळी, त्याच जागी, तोच शिक्षक यायला हवा. रस्त्यावर वाढलेल्या मुलाच्या आयुष्यात आजवर नेमके हेच घडलेले नसते.

फलाटावर झोपलेले मूल नीट पाहावे. पाय पोटाशी घेतलेले, चप्पल उशाखाली, हात चेहऱ्यावर. झोपेतही ते पळण्याच्या तयारीत असते. मोठ्या माणसाचा हात वर गेला की मान आधी खाली जाते. तो हात मारायला उठला की पाणी द्यायला, याची वाट ते पाहत नाही. हे मूल बालगृहात येते. त्याला आंघोळ, जेवण, गादी, पाटी मिळते. मात्र अंगात मुरलेली ही सावधगिरी पाढे पाठ करून जात नाही. समुपदेशक प्रेमाने ‘बोल बाळ, काय झालं’ म्हणतात, आणि मूल गप्प. बोलायला शब्द लागतात. झालेल्या गोष्टीला त्याच्याकडे शब्दच नसतात.

नाचाच्या तासाला बोलावे लागत नाही. आठ मात्रा मोजायच्या, चौथ्या मात्रेला वळायचे, शेजाऱ्याचा हात धरायचा आणि सोडायचा. ज्या अंगाला आजवर फक्त मार माहीत होता, ते अंग आता आपल्या मनासारखे वळते, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळते. आपली पाळी येणार आहे, तोवर थांबायचे, हेही तिथेच कळते. जेवणाच्या पंगतीत ढकलाढकली करणारी मुले रांगेत उभी राहू लागतात, कारण रांग मोडली तर नाच मोडतो.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था काढली, ती याच जाणिवेतून. मानवी तस्करीतून आणि हिंसाचारातून सुटलेल्या मुलींसाठी तिथे नृत्य हाच उपचाराचा मार्ग ठरला. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी: याच मुलींतून प्रशिक्षक तयार झाल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘संवेद’च्या साथीने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. म्हणजे शिकवणारी माणसे घडवण्याची वाट आपल्या शहरातही पडलेली आहे.

आणि आपल्या अनेक बालगृहांत नाच कधी असतो? १५ ऑगस्टला, १४ नोव्हेंबरला, किंवा देणगीदार येणार असतील त्या दिवशी. आठ दिवस आधी एक नृत्यदिग्दर्शक येतो, चालू सिनेमातले गाणे बसवतो, भाड्याचे कपडे येतात. कार्यक्रम होतो, टाळ्या होतात, कपडे परत जातात, नृत्यदिग्दर्शकही जातो. सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांच्या यादीत मुलाच्या लेखी आणखी एकाची भर पडते. त्यातून मध्येच निवेदक ध्वनिक्षेपकावर सांगतो, ‘ही मुलगी आम्हाला अमुक स्थानकावर सापडली.’ त्या क्षणी तिचे पाय जमिनीला चिकटलेले आम्ही पाहिले आहेत. बालन्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. तरीही त्यांचे नाव, छायाचित्र आणि कहाणी दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पानावर झळकते. पाहुण्यांसमोर मूल नाचले तर नाचू द्यावे, त्यालाही कौतुक हवे असते. पण त्याची कहाणी त्याची आहे. ती सांगायची की नाही, हे त्याने ठरवायचे.

‘आधी पोटाचे बघा, नाच काय करायचाय?’ असे म्हणणारे लोक वाईट नसतात. तुटपुंज्या अनुदानात तांदूळ-डाळीचा हिशेब जुळवणाऱ्या अधीक्षकांनी असे म्हटले, तर त्यांना दोष देता येत नाही. मात्र याच कायद्याने पुनर्वसनाच्या सेवा मोजताना अन्न, शिक्षण आणि उपचार यांच्या बरोबरीने खेळ आणि सांस्कृतिक उपक्रमही धरले आहेत. तो हक्क आहे, उरल्यासुरल्या पैशातून करायची हौस नव्हे.

सगळ्यांनी नाचलेच पाहिजे असेही नाही. कुणाचा हात तबल्यावर बसेल, कुणाचा मातीत. पुरुलियातले घर अकराव्या वर्षी सोडून नवी दिल्ली स्थानकावर कचरा वेचणारा विकी रॉय सलाम बालक ट्रस्टच्या आसऱ्याला आला आणि कॅमेऱ्यात रमला. पुढे दिल्लीतल्या अनय मान या छायाचित्रकाराकडे त्याला उमेदवारी करायला मिळाली; आज तो नावाजलेला छायाचित्रकार आहे. ही उमेदवारी फार महत्त्वाची. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटते, आणि अनुरक्षणाची, म्हणजे त्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्याने साधारण एकविसापर्यंतच. या तीन वर्षांत हातातली कला धंद्याला लागली नाही, तर मूल पुन्हा फलाटाच्या जवळ जाते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक बालगृहाच्या वेळापत्रकात आठवड्यातून तीन दिवस कलेचा तास असावा. त्यासाठी मानधनावरचा पाहुणा नको, पगारी शिक्षक नेमावा, आणि ती जागा भरताना तिथेच वाढलेल्या, शिकलेल्या मुलामुलींचा पहिला विचार व्हावा. यंदा बालदिनाला जे पाहुणे पहिल्या रांगेत बसतील, त्यांनी पुढच्या आठवड्यात कुणालाही न कळवता पुन्हा एकदा जावे, आणि संध्याकाळी पाच वाजता त्या दालनात ठेका ऐकू येतो का, एवढे दाराबाहेर उभे राहून ऐकावे.