विश्लेषण : पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावली, तर विम्याचे काय?

कासला फुलांचा हंगाम सुरू झाला, की साताऱ्यात शनिवार-रविवारी गाडी मिळणे अवघड होते. मग कुणाच्या तरी दारातली पांढऱ्या नंबरप्लेटची सात आसनी गाडी ‘डिझेल तुमचे, वर हजार-दोन हजार’ अशा बोलीवर निघते. सांगलीकडे लग्नसराईत असेच घडते. वडापला लागलेल्या खासगी गाड्याही दोन्ही जिल्ह्यांना नव्या नाहीत. गाडीचा विमा असतो, हप्ताही वेळेवर भरलेला असतो. अपघात झाला की मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारतो : गाडीत कोण होते आणि ते पैसे देऊन बसले होते का?

पॉलिसीत काय लिहिलेले असते?

खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो. भाडे किंवा मोबदला घेऊन वापर, स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक, शर्यत आणि वेगचाचणी यांना विमा लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. मागच्या सीट पाडून द्राक्षांचे क्रेट बाजारात नेले, तरी कंपनी याच परिच्छेदाकडे बोट दाखवू शकते. मोबाइलवर आलेल्या पीडीएफमधला हा मजकूर फारसे कुणी वाचत नाही. भाड्याची गाडी जास्त धावते, जास्त माणसे वाहते, म्हणून तिचा हप्ता वेगळा असतो. खासगी दराचा हप्ता भरून टॅक्सीची जोखीम कंपनीवर टाकता येत नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

दावा पूर्ण बुडतो का?

नाही, पण पूर्ण मिळेल याचीही खात्री नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात टॅक्सीसारखी वापरली जाणारी खासगी गाडी पळवली गेली होती. चोरीचा त्या वापराशी संबंध नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दाव्याच्या 75 टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला. 2010 च्या अमलेंदू साहू निकालात भाड्याच्या वापराचे कारण देऊन संपूर्ण दावा नाकारणे चूक ठरले आणि मालकाला अडीच लाख रुपये मिळाले. दोन्ही मालकांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. गॅरेजवाला तेवढा थांबत नाही.

खरी टांगती तलवार वेगळी आहे. गाडीतली माणसे जखमी झाली किंवा दगावली, तर भरपाईचा आकडा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. पॉलिसीची अट मोडली असेल तर ‘कंपनीने आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असे आदेश अनेक प्रकरणांत झाले आहेत. म्हणजे शेवटी बोजा घरावर, जमिनीवर. शिवाय हप्ता वाचवण्यासाठी फक्त ‘थर्ड पार्टी’ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : गाडीत बसलेल्यांना पॅकेज पॉलिसीत संरक्षण असते, निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत नसते, हे 2012 च्या बालकृष्णन निकालात स्पष्ट झाले आहे. मग आत बसलेला मेहुणा असला तरी.

गाडी भाड्यानेच चालवायची असेल, तर आरटीओकडून परवाना, पिवळी पाटी आणि व्यावसायिक पॉलिसी हा रस्ता आहे. विनापरवाना वाहतुकीला मोटार वाहन कायद्यात 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

गाडी कमी चालत असेल तर?

जुलै 2022 मध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ला मुभा दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचे आणि त्यानुसार हप्त्यात सवलत घ्यायची. ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला 3,416 रुपये आहेत. साताऱ्याहून रोज पुण्याला ये-जा करणाऱ्यांना ही योजना परवडणारी नाही. ठरलेले किलोमीटर संपले आणि टॉप-अप घेतले नाही, तर दावा अडू शकतो.

सांगलीकरांसाठी आणखी एक गोष्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपुढे गेले होते. पुराचे नुकसान पॅकेज पॉलिसीत येते, मात्र बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारल्याने इंजिन गेले, तर कंपन्या ते चालकाच्या चुकीत धरतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कवच लागते. ते नसेल तर किल्लीला हात न लावता फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.