परतलेल्या जवानाचे स्मरण

१९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्करी वाहनचालक असलेले अण्णा हजारे पुढे देशाला ठाऊक झाले. परंतु चाळिशीच्या आतबाहेर गणवेश उतरवून ट्रक हाती घेणारे कितीतरी जवान अनामच राहतात. गोंदियाच्या भातगिरण्यांतील तांदूळ मुंबई-कोलकाता महामार्गावरून वाहणारा असा एखादा वृद्ध चालक निवर्ततो, तेव्हा पेटीत पदके सापडतात आणि मुलांच्या शिक्षणामागे त्याने रस्त्यावर जागून काढलेल्या रात्री उभ्या दिसतात. सीमेवरची रसद आणि घरची चूल, दोन्ही त्याने सारख्याच निष्ठेने सांभाळली. हुतात्म्यांना आपण वंदन करतो. परतलेल्यांची विचारपूस मात्र राहून जाते. अशा घरी आवर्जून जावे, त्याची हकीकत लिहून घ्यावी. गावाच्या इतिहासाचे तेही एक पान आहे.