बॅज माणसाचा, गाडीचा नव्हे
ब्रिटनमधील मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन

शनिवारी आठवड्याचा बाजार करायचा असतो. गुडघ्यांनी बेजार झालेली आजी घरीच थांबते, पण तिचा ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांसाठीचा पार्किंग परवाना, गाडीच्या काचेमागे लागतो. "पाच मिनिटांचं तर काम!" अशा वापराला इंग्लंडमध्ये एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, बॅजही जप्त होऊ शकतो. त्याहून मोठा फटका बसतो तो त्याच वेळी जागा शोधत फिरणाऱ्या व्हीलचेअरवरच्या माणसाला. कार पार्कमधल्या दिव्यांगांच्या जागेशेजारी सुमारे १.२ मीटरची आखलेली पट्टी असते. तिथे दार पूर्ण उघडून खुर्ची लावता येते. साध्या जागेत त्याला गाडीतून उतरताच येत नाही.

बॅजची ही योजना १९७१ मध्ये सुरू झाली. तेव्हा बॅज नारिंगी होता, २००० मध्ये तो निळा झाला. त्यावर गाडीचा नंबर नसतो, मागे धारकाचा फोटो असतो. आजी मुलीच्या गाडीत बसो वा शेजाऱ्याच्या, बॅज तिच्याबरोबर जातो. ती सोबत नसेल, तर तो घरीच राहावा.

बॅज लावताना फोटोची बाजू खाली ठेवावी. क्रमांक, मुदत आणि होलोग्राम बाहेरून दिसले पाहिजेत. इंग्लंड-वेल्समध्ये पिवळ्या रेघांवर साधारणपणे तीन तासांपर्यंत गाडी उभी करता येते, मात्र बॅजशेजारी पार्किंगचं निळं घड्याळ पोहोचल्याच्या वेळेवर लावावं लागतं. फुटपाथच्या कडेवर पिवळ्या खुणा असतील, तर तिथे माल चढवण्या-उतरवण्यावर बंदी असते. ती लागू असताना बॅज चालत नाही. वेस्टमिन्स्टरसारख्या मध्य लंडनच्या भागांत नियम वेगळे आहेत. खासगी कार पार्कमध्ये तिथली पाटी वाचावी.

कुणी धडधाकट दिसतो म्हणून त्याला हटकू नये. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही बॅज मिळू लागला. गर्दीत भेदरून रस्त्यावर धावणारं ऑटिस्टिक मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांनी "लोक काय म्हणतील" या भीतीने अर्ज टाळू नये. अर्ज सरकारी संकेतस्थळावरून किंवा कौन्सिलकडे करावा. इंग्लंडमध्ये शुल्क दहा पौंडांपर्यंतच आहे. जास्त मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावं.

प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात घरातल्या बॅजची मुदत तपासावी. ज्यांच्या नावाचा बॅज आहे ते आता हयात नसतील, तर तो गाडीच्या कप्प्यात आठवण म्हणून ठेवू नये, कौन्सिलला परत करावा.