ओलावा मोजता, मग तेलही मोजा

नांदुऱ्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडला की आधी ओलावा पाहिला जातो, मग माती, काडीकचरा, डागी दाणे. या प्रत्येक तपासणीतून निघते ती कपात. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. 2024 च्या हंगामात शेतकऱ्यांची ओरड वाढल्यावर ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. पण ज्या तेलासाठी आणि पेंडीसाठी कारखाने हा माल घेतात, त्यातले तेल किती, हे आवारात कोणी विचारत नाही. मालात काय कमी आहे ते मोजायचे आणि काय जास्त आहे ते सोडून द्यायचे, हा व्यवहार एकतर्फी आहे. घाटाखालच्या नांदुरा, खामगाव, मलकापूर या बाजारपेठांत सोयाबीनचा, आणि पुढे सरकीचाही, भाव तेलाच्या टक्केवारीशी जोडला पाहिजे.

तेल मोजण्यासाठी लागणारे रसायन तेलधंद्याला नवे नाही. हेक्झेन हा खनिज तेलातून निघणारा, पाण्यासारखा दिसणारा द्रव सुमारे 69 अंशांवर उकळतो आणि तेलाला चटकन आपल्यात विरघळवून घेतो. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के. एक्स्पेलरमध्ये ते पिळले तर पेंडीत सहा-सात टक्के तेल राहून जाते. म्हणून सॉल्व्हंट प्लांटमध्ये दाणा भरडून त्याचे पातळ पापुद्रे करतात, त्यांवर गरम हेक्झेन सोडतात, आणि नंतर वाफेच्या उष्णतेने हेक्झेन उडवून, थंड करून, तेच पुन्हा वापरतात. मागे उरलेल्या डीओसीत, म्हणजे तेल काढून घेतलेल्या पेंडीत, तेल एक टक्का किंवा त्याहून कमी. हेच काम प्रयोगशाळेत टेबलावर होते. दळलेल्या दाण्याचे काही ग्रॅम कागदी नळीत भरून काचेच्या उपकरणात ठेवतात. खालच्या चंबूतले हेक्झेन उकळते, वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने पिठावर पडते. नळीभोवतीचे भांडे भरले की सगळा द्रव एकदम खाली ओढला जातो आणि पुन्हा तेच चक्र. काही तासांनी हेक्झेन उडवून चंबू तोलला की तेलाचे वजन हाती येते. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी हे उपकरण 1879 मध्ये दुधातल्या स्निग्धांशाच्या मोजणीसाठी तयार केले. कारखान्याची प्रयोगशाळा आलेल्या मालाचे आणि बाहेर जाणाऱ्या डीओसीचे तेल याच पद्धतीवर पडताळते. म्हणजे आकडा असतो, पण तो सौदा झाल्यानंतरचा आणि एकाच बाजूकडचा.

गुणावर भाव देण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. दुधाला फॅटवर भाव मिळतो. उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा (एफआरपी) पायाच साखर उतारा आहे: 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये जादा. तेलबियांत तर राजस्थानची मोहरी समोर आहे. जयपूरचा मोहरीचा दर ‘42 टक्के कंडिशन’ म्हणूनच बोलला जातो, आणि तेल त्याहून कमी-जास्त भरले की भाव तसा हलतो. मोहरीला जे जमते ते सोयाबीनला का जमू नये, याचे उत्तर व्यापाऱ्यांनी आणि पणन खात्याने द्यायला हवे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सोयाबीनच्या तेलात दाण्यागणिक फरक थोडा, मग एवढा खटाटोप कशाला? एका टक्क्याचा फरक म्हणजे क्विंटलमागे एक किलो तेल, आणि तेल वाढले की तेवढी पेंड घटते हेही खरे. तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात पडेल तो तेल आणि पेंड यांच्या दरांतला फरक. पण पेंडीपेक्षा तेल कितीतरी महाग, आणि ज्या आवारात एकेका टक्का ओलाव्यावरून वाद होतात तिथे ही रक्कम किरकोळ म्हणता येणार नाही. शिवाय तेल वाढवणाऱ्या वाणांत प्रथिने कमी होण्याचा कल असतो. म्हणून मोजणी दोन्हींची हवी आणि भावही दोन्हींवर हवा. कापसात तर वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग तेल देणाऱ्या सरकीचा, तरी प्रतवारी सगळी धाग्याच्या लांबीवर आणि तलमपणावर होते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. हेक्झेन शून्याखाली सुमारे 22 अंशांवरही ठिणगीने पेटू शकते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात फेब्रुवारी 1981 मध्ये सोयाबीन कारखान्यातून गटारांत शिरलेल्या हेक्झेनच्या स्फोटांनी रस्तेच्या रस्ते उखडले होते. बंद खोलीत ते सतत श्वासातून गेले तर हातापायांच्या नसा निकामी होतात. असला द्रव मोंढ्यात उकळायला ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. पण तशी गरजही नाही. इन्फ्रारेड किरणांवर चालणारी यंत्रे मिनिटभरात तेल, प्रथिने आणि ओलावा तिन्ही सांगतात, आणि त्यांत हेक्झेनचा थेंबही लागत नाही. मात्र ही यंत्रे आपल्या भागातल्या वाणांवर, हेक्झेनने काढलेल्या आकड्यांशी ताडून बसवावी लागतात. ते काम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी, जाणकारांच्या हातून, दर हंगामाच्या आधी व्हावे.

यंत्र आले की व्यापारी त्याचाच वापर भाव पाडायला करतील, ही शंका ओलाव्याच्या मापकांचा अनुभव घेतलेल्यांच्या मनात येणारच. म्हणून यंत्र बाजार समितीच्या ताब्यात असावे, आकडा लिलावाआधी फलकावर लागावा, आणि प्रत्येक ढिगाचा सीलबंद नमुना काही दिवस राखून ठेवावा. वाद झाला की तो नमुना विद्यापीठात जाईल, हेक्झेनने तपासला जाईल, आणि तिथला आकडा शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही बंधनकारक राहील. तपासणीचा खर्च ज्याचा दावा चुकला त्याने भरायचा.