घरभर ऐकू जाणारी तारीख

घरातल्या तारखा बाईनंच लक्षात ठेवायच्या, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. तरी गॅसची टाकी कधी लावली, दुधाचे खाडे किती, बाळाचा डोस कधी, मामंजींच्या गोळ्या कधी संपतात, भिशीचा हप्ता, संकष्टी, पाहुण्यांकडचं बारसं, हे सगळं तिच्याच डोक्यात असतं. विसरलं तर बोलणीही तीच खाते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. भाजी निवडताना मनात चाललेली तारखांची उजळणी यातल्या कोणत्या मिनिटांत धरायची?

आता ही उजळणी यंत्र करू लागलं आहे. अलेक्साचा स्पीकर आपल्याकडे २०१७ साली आला, गुगलचा २०१८ साली. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडमध्येही पुण्याला नोकरी करणारी मुलं दिवाळीला येताना असली बोलकी पेटी घेऊन येतात. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करायची आणि घरातली यंत्रं जोडणाऱ्या ॲपला एकदा सांगून ठेवायचं, की वेळेच्या अर्धा तास आधी ही नोंद मोठ्यानं वाचून दाखव. मग पेटी बोलते आणि घरभर ऐकू जातं.

यात फायदा नाही असं मी म्हणणार नाही. ग्रामसभेची दवंडी देतात ती कशासाठी? मला माहीतच नव्हतं, असं म्हणायला कुणाला जागा राहू नये म्हणून. तसंच घरात. ‘टाकी नोंदवायची आहे’ हे पाचजणांनी ऐकलं, तर ‘तू सांगितलं नाहीस’ हे वाक्य तरी बंद व्हावं. पण मी पाहिलेल्या घरांत वेगळंच होतं. पेटी बोलते आणि सगळे स्वयंपाकघराकडे बघतात! आठवण यंत्रानं करायची आणि काम तिनंच करायचं, एवढाच बदल. म्हणून नोंद करतानाच कुणी करायचं त्याचं नाव त्यात घालावं. ‘दादानं टाकी नोंदवायची’, ‘पप्पांनी बाळाला डोसाला न्यायचं’. पेटीला संकोच नसतो. सुनेनं सासऱ्यासमोर नवऱ्याला काम सांगायचं म्हणजे जे अवघड होतं, ते पेटी सहज सांगून टाकते.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे.

कालनिर्णय १९७३ पासून आपल्या भिंतींवर आहे. किती बायकांनी त्याच्या चौकोनांत आपलं खाजगी आयुष्य लिहिलं असेल! दुधाच्या खाड्यांच्या खुणांशेजारी पाळीचा एक बारीक ठिपका. माहेरून आलेल्या पैशांचा आकडा, नुसताच. दवाखान्याच्या तारखेला फुली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही ते फक्त तिलाच वाचता यायचं. बोलक्या पेटीला ठिपका कळत नाही. तिला शब्द लागतात, आणि ते शब्द ती ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसमोरही वाचते. आपण विचारलं तर आवाज ओळखूनच खाजगी नोंदी सांगण्याची सोय काही यंत्रांत आहे. पण आपण होऊन होणारी घोषणा ऐकणारं कोण, ते पाहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर सांगतो, की दोघांपैकी एकाची इच्छा असेल आणि न्यायाधीशांना तसं योग्य वाटलं, तर सुनावणी बंद दाराआड घेता येते. कायद्यानं एवढा आडोसा धरायचा, आणि ‘उद्या अकरा वाजता लातूरला वकीलबाईंकडे’ हे पेटीनं सासरच्या माजघरात सांगून टाकायचं! जिनं अजून घरात तोंड उघडलेलं नाही, तिला या एका वाक्यापायी त्याच रात्री मार बसू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईनं हे फार थोडक्यात सांगितलं, “ताई, भिंतीला कान होते तेच बरं होतं. आता तिला तोंड आलंय.”

दुसरी गोष्ट मालकीची. पेटी ज्याच्या खात्यावर जोडली त्याच्या हातात किल्ल्या. सातबाऱ्यावर जसं एकाचं नाव आणि राबणारी दुसरी, तसंच हे. बहुतेक घरांत बाईचा मोबाईलही नवऱ्यानं किंवा मुलानं सुरू करून दिलेला असतो. पासवर्ड त्याला पाठ. तिच्या नोंदी तो पुण्यात बसूनही वाचू शकतो. हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. घरातले कॅमेरे, कुलपं, स्पीकर लांबून चालवून बायकांना धाकात ठेवलं जातं, अशा अमेरिकेतल्या बायकांच्या हकिकती २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापल्या होत्या.

म्हणून बैठकीत बायकांना मी पेटी फेकून द्या असं सांगत नाही. कॅलेंडरं दोन करा, असं सांगते. एक घराचं, ज्यात टाकी, डोस, वीजबिल आणि कामाच्या माणसाचं नाव. पेटीला जोडायचं ते हेच. दुसरं आपलं, वेगळ्या खात्यावर, वेगळ्या पासवर्डचं, कशालाही न जोडलेलं. त्यातही ‘कोर्ट’, ‘समुपदेशन’ असे शब्द नकोत. आमच्या काहीजणींनी माझ्याकडे यायच्या तारखेला ‘ब्लाउज टाकायचा’ असं लिहायला सुरुवात केली आहे, ते उत्तम. आणि जिचा मोबाईल दुसऱ्याच्याच हातात असतो, तिनं काहीच लिहू नये. तिची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवते आणि आदल्या दिवशी शेजारणीकडून निरोप देते.