तक्ता आधी, माणूस नंतर!

वरसावे हे गाव मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत मोडते. पण ते धड शहरही नाही आणि आता खेडेही उरलेले नाही. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मधून धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि नाक्यावर त्याला येऊन मिळणारा घोडबंदर रस्ता. २०२३ साली खाडीवर नवा पूल खुला झाला, तरी मालमोटारींची रांग ही या नाक्याची ओळख पुसलेली नाही. डोंगराच्या कुशीत वनवासी पाडे, खाडीकडे आगरी-कोळी घरे, महामार्गालगत रात्रभर जागणारी हॉटेले आणि काशिमिऱ्याच्या बाजूने सरकत आलेल्या इमारतींमध्ये राजस्थानपासून बिहारपर्यंतची माणसे. एवढ्याशा टापूत जेवणाच्या किती तऱ्हा नांदत असतील! आणि तरीही यांच्यापैकी कोणीही वाढलेल्या साखरेचा अहवाल घेऊन शहरातल्या आहारतज्ज्ञाची पायरी चढला, की त्याच्या हाती पडणारा कागद बहुधा एकच असतो.

तो कागद आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. सकाळी कोमट पाणी आणि लिंबू, न्याहारीला ओट्स, अकरा वाजता किवी किंवा सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर पालेभाजी, सायंकाळी ग्रीन टी, रात्री साडेसातला सूप. नाव, वय, उंची, वजन एवढे विचारून झाले की संगणकातून तक्ता बाहेर येतो. पुष्कळदा त्याच्यासोबत एखाद्या भुकटीचा डबाही टेबलावर येतो. पंधरा मिनिटांत ‘पहिली भेट’ संपते. समोरचा माणूस खुर्चीत बसण्यापूर्वीच जो तक्ता तयार होता, त्याला सल्ला म्हणायचे की छापील माल?

प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे एकाच घरात सासूची साखर वाढलेली आणि सुनेचे रक्त कमी, ही स्थिती अपवादाची नाही. अशा घरातील माणूस आहारतज्ज्ञाकडे बहुधा एकदाच जातो. ती एक भेट वाया गेली, तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

वरसाव्यातील एखाद्या पन्नाशीच्या गृहिणीची कल्पना करावी. सकाळी उठल्यावर गोड चहा आणि टोस्ट. दुपारी तांदळाची भाकरी, भात, कालवण. मासळी नसेल त्या दिवशी सुकट किंवा जवळा. चार वाजता पुन्हा चहा. मालक पाळी संपवून, नाक्यावरच्या कोंडीतून सुटून रात्री साडेदहाला घरी येणार. सर्वांना वाढून झाल्यावर ही जेवणार, आणि उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोही संपवणार. तिला ‘रात्री साडेसातला सूप’ लिहून देणाऱ्याने तिचे घर पाहिलेले नाही, एवढेच नव्हे, त्याबद्दल विचारलेलेही नाही. ती कागद घडी घालून पर्समध्ये ठेवते. मग आठ दिवसांनी घरच्यांना सांगते की, ‘आपल्याला ते काही झेपणारं नाही.’ आणि आहारतज्ज्ञ आपल्या वहीत शेरा मारतो की, रुग्ण सहकार्य करीत नाही!

कोणी म्हणेल, वजन-उंचीचे गणित तर शास्त्रीय आहे ना? ते गणित किती तोकडे आहे, हे जगाला दाखवून देणारा माणूस पुण्याचाच आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, अगदी एकसारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बालके सडपातळ खरी, पण त्यांच्यातील चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणली गेली आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच असावा असे ठरले. आता किती सल्ला-केंद्रांत पहिल्याच भेटीत कंबर मोजली जाते? शिंप्याजवळ असते ती दहा रुपयांची फीत पुरेशी आहे. पण ती टेबलावर नसते, भुकटीचा डबा मात्र असतो.

याहून अधिक खेद वाटतो तो स्वकीयांचा. आयुर्वेदाचा अभिमान मिरवणारे आपल्याकडे उदंड आहेत. सभेत चरकाचे नाव निघाले की टाळ्या पडतात. परंतु त्या चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार कोणत्या आठ अंगांनी करावा हे सांगितले आहे, ते आठवून पाहणारे किती? पदार्थाचा मूळ गुण, त्यावर केलेला संस्कार, दुसऱ्या पदार्थाशी संयोग, एकूण ताटाचे आणि त्यातील एकेका पदार्थाचे प्रमाण, देश, काल, जेवण्याचे नियम. आणि शेवटी ‘उपयोक्ता’, म्हणजे जो ते अन्न खाणार तो माणूस आणि त्याच्या अंगवळणी पडलेले खाणे. अध्यायाचा आठवा विषय माणूस आहे; आजच्या तक्त्यात तो पहिलाही नाही आणि आठवाही नाही. त्याच ग्रंथात पथ्याची व्याख्या करताना ते शरीराच्या मार्गांना अपाय न करणारे असावे याबरोबरच ते मनाला प्रिय असावे, असेही म्हटले आहे. कोळणीला ‘सुकट बंद’ म्हणून ठणकावणाऱ्याने आणि भाताच्या नावाने नाक मुरडणाऱ्याने यातले काय वाचले? पाश्चात्त्यांचे ओट्स काढून त्या जागी सर्वांनाच सरसकट तूप आणि गुळाचा काढा लिहून देणे, हेही तितकेच आंधळे आहे. तक्ता स्वदेशी झाला म्हणून तो त्या माणसाचा होत नाही. (आणि चरकाला आधुनिक पोषणशास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचेही कारण नाही. त्याने विचारायला सांगितलेले प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले.)

उपवासाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तथाकथित आधुनिक आहारतज्ज्ञ उपवासाचे नाव काढताच हसतो. आणि तो हसला की समोरची बाई पुढच्या वेळी उपवास लपवते. याचा परिणाम केवळ मन दुखावण्यावर थांबत नाही. ती मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल आणि शनिवारी किंवा एकादशीला गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहत असेल, तर साखर एकाएकी खाली घसरून दरदरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते. वेळेत लक्षात आले नाही तर जिवावर बेतते. ‘आठवड्यात कोणते उपवास करता, त्या दिवशी काय खाता आणि गोळी केव्हा घेता?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर धोक्याचे निघाले तर गोळीचा निर्णय स्वतः न घेता त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली पाहिजे. याची दुसरी बाजूही परखडपणे सांगायला हवी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, खिचडीतला बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही तिकडचीच. परंपरेच्या नावाने वाटीवर वाटी रिचवणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावे. पण ऐकवण्याची वेळ पहिली भेट नव्हे.

मग पहिल्या भेटीत करायचे काय? हाती तासभर असेल, तर त्यातली चाळीस मिनिटे आहारतज्ज्ञाने ऐकण्यात घालवावीत. आरंभ ‘काय खाता?’ असा चौकशीचा नको. ‘कशासाठी आलात, कोणी पाठवलं, तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं?’ येथून व्हावा. डॉक्टरने पाठवले म्हणून आलेला आणि गुडघे दुखतात म्हणून आपणहून आलेला, हे दोघे वेगळे आहेत. उत्तर मध्येच तोडू नये. त्यानंतर अहवाल, आणि अहवालांइतकीच महत्त्वाची औषधांची पिशवी. ती घेऊन या, असे वेळ ठरवतानाच सांगावे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी माणसाच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवायचे. मग वजन, उंची, कंबर.

यानंतर कालचा दिवस. ‘साधारणपणे काय खाता?’ असे विचारले की माणूस आपल्या आदर्शाचे वर्णन करतो. ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं?’ असे विचारले की घर दिसू लागते. टेबलावर दोन-तीन मापांच्या वाट्या, पळी आणि चमचे ठेवावेत. घरची वाटी किती मोठी हे बोटांनी दाखवण्यापेक्षा ते बरे. एकदा ऐकून झाल्यावर पुन्हा मागे जावे: चहात साखर किती, जेवताना चहा होतो का, भाजी चिरताना शेंगदाणे तोंडात टाकले का? जेवणासोबतच्या चहाने अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि रक्तक्षय झालेल्या सुनेसाठी हा एकच तपशील गोळीइतका मोलाचा ठरू शकतो. कालचा दिवस वेगळा असेल, पाहुणे असतील, रविवार असेल, तर आणखी एक दिवस विचारावा.

आणि किराण्याची यादी! तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर तेल झाले. किलोभर मीठ संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर; काही पाण्यात जात असेल हे धरूनही, पाच ग्रॅमची शिफारस पुष्कळ मागे राहिली, आणि पापड, लोणचे व खारवलेली मासळी याच्या बाहेरच आहेत. हा हिशेब आहारतज्ज्ञाने स्वतः करून सुनावू नये. कागद-पेन्सिल समोरच्या बाईंच्या हाती द्यावी. जो आकडा माणूस स्वतः काढतो, त्याच्याशी तो वाद घालत नाही.

घरात बाजार कोण आणतो, स्वयंपाक कोण करते, सर्वांत शेवटी कोण जेवते, हे प्रश्न पुष्कळांना आगाऊपणाचे वाटतात. वस्तुतः याच उत्तरांवर पुढचे सारे अवलंबून आहे. सोबत सासूबाई किंवा पतिराज आले असतील, तर पाच मिनिटे तरी बाईंशी एकटीने बोलावे. पुरुष रुग्ण असेल तर नेमके उलट: त्याचे ताट जी वाढते तिला आत बोलवावे. पहिल्या भेटीत रागावणे तर कटाक्षाने टाळावे. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढे खरे सांगत नाही. शेवटी जे ऐकले ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून ‘बरोबर ना?’ असे विचारावे, आणि एक किंवा फार तर दोन बदल त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावेत. वरसाव्याच्या त्या गृहिणीसाठी ते इतकेच असतील: दुसऱ्या चहातली साखर निम्मी, आणि मालकांची वाट न पाहता आठ वाजता भाकरी-कालवण. यातला दुसरा बदल पहिल्याहून कठीण आहे, हे ज्याला कळले त्याला पहिली भेट कळली.

यावर व्यवसायातून उत्तर ठरलेले असते: लोकांना कागद हवा असतो, रिकाम्या हाताने पाठवले तर पैसे बुडाल्यासारखे त्यांना वाटते. हे खरे आहे, आणि ही सवय लोकांना लावली कोणी? कागद अवश्य द्यावा. त्यावर त्यांचेच शब्द, ठरलेले दोन बदल आणि पुढच्या भेटीची तारीख असावी; सविस्तर तक्ता त्या दुसऱ्या भेटीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात एका आहारतज्ज्ञासमोर रांग लागलेली असते. तेथे तास कुठून आणायचा? तेथे दोष त्या आहारतज्ज्ञाचा नाही, अंदाजपत्रक करणाऱ्यांचा आहे. तरीही रांगेत बसलेल्यांना ‘कालचे जेवण, चालू औषधे, उपवास’ एवढे तीन रकाने भरायला देता येतात. लिहिता न येणाऱ्यांना परिचारिका मदत करू शकते. महामार्गावर पूल बांधायला पैसा मिळतो, तर वाट्या-चमच्यांचा संच आणि आणखी एक आहारतज्ज्ञ यांनाही मिळायला हवा.

राहता राहिला प्रश्न पाटीचा. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञांचाही समावेश झाला. त्यापूर्वी काही दिवसांचा वर्ग उरकून कोणीही ही पाटी लावत असे. कायद्याने पात्रता ठरेल, नोंदणीही होईल. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे कोणत्याही परिशिष्टात येणार नाही. ते शिकवण्याची जबाबदारी गृहविज्ञान आणि पोषणशास्त्राच्या महाविद्यालयांची आहे. तेथील विद्यार्थिनींना उष्मांकांची कोष्टके पाठ असतात. त्यांना परीक्षेपूर्वी एकदा वरसाव्याच्या एखाद्या स्वयंपाकघरात, रात्री साडेदहाला, पाटावर बसवावे.